दोन पानं आणि अर्धं

दाढ मुळासकट निघाली होती, आणि मुळाला लागलेलं रक्त वाळून काळपट तांबडं झालं होतं… वरच्या अंगाला चांदीचा ठिपका. तो आठवीत भरून आणलेला, शांतवनमास्तरांनीच, सायकलवर डबलसीट नेऊन. येताना रेश्माने बधिर गालाने बर्फाचा गोळा खाल्ला होता, निम्मा फ्रॉकवर. आता ती दाढ लॅपटॉपशेजारी बशीत होती. काल दुपारी पोरगी जुळे सोलापुरातून रिक्षाने कुंभारीला, माहेरी आली, तेव्हा रुमालात बांधून एवढंच घेऊन आली. पिशवी नाही. चप्पल एकच.

मास्तरांनी बायबलच्या सॉफ्टवेअरमध्ये शोधाच्या चौकटीत ‘तलवार’ टाईप केलं आणि एंटर दाबलं.

भरपूर. मग ‘रक्त’, मग ‘सूड’. ‘मार’ टाकलं तर मशीन मोठं इमानी—मार्गही आणला, कुमारीही आणली, सगळ्यांना एका रांगेत उभं केलं. एरवी मास्तर हसले असते. शाळा सुटून नऊ वर्षं झाली, पण हजेरी घ्यायची खोड सुटली नव्हती: शब्द पुकारायचा आणि किती हजर ते मोजायचं. आज तलवार हजर, दगड हजर, सूडही ताठ मानेने हजर. क्षमा त्यांनी पुकारलीच नाही.

आणि वचनागणिक मास्तरांच्या मनात शिवराज मरत होता. आपला जावई, गोरागोमटा, बँकेतला, जेवायला बसताना बाह्या दुमडणारा शिवराज—खलातल्या बत्त्याने, कानाच्या वर, जिथे हाड पातळ असतं तिथे. नको, तिथे लगेच संपेल. आधी जबडा. जबडा, मग दोन्ही हातांची बोटं, एकेक, उंबऱ्यावर ठेवून… जागा ठरवायला मास्तरांना आवडत होतं. इतकं, की चहा गार झाला तरी ध्यानात आलं नाही.

सकाळी मडिवाळप्पांचा फोन येऊन गेला होता. ते चर्चच्या मंडळीचे थोरले पंच.

“मास्तर, चारला बसू की. जावई बी येतो म्हणालाय. लई रडला बघा फोनवर.”

“रडला?”

“व्हय. कागद तेवढे काढून ठेवा.”

“माझ्याच मुलीचे मी काढू?”

“मग कोण काढणार? तुमच्यावानी झटक्यात कुणाला सापडतंय?”

कागद म्हणजे वचनांचे. त्यांच्या मंडळीत नवराबायकोचं भांडण पोलिसांत जायच्या आधी पंचांपुढे येतं, आणि पंच बसायच्या आधी मास्तर दोन कागद काढतात—एक बायकोसाठी, एक नवऱ्यासाठी. मग प्रार्थना होते, कागद दिले जातात, चहा-बिस्किटं होतात, बाई परत जाते. बाईचा कागद दोन पानी भरतो, नवऱ्याचा अर्ध्यात आटपतो. शब्दच तसे सापडतात, मास्तर म्हणायचे. मी काय पदरचं घालतो?

पुढचा शब्द सुचेना, म्हणून त्यांनी चौकटीवर क्लिक केलं. खाली जुने शोध उघडले. मशीन काही विसरत नव्हतं. ‘अधीन’. ‘सोशिक’. ‘अधीन’. ‘मुकाट्याने’. प्रत्येक शब्दामागे एक बाई पदर सावरत उभी… ही जोतिरामची सून, ही सुताराची थोरली, ही भीमाबाई. भीमाबाईच्या ‘अधीन’च्या लगेच वर होतं ‘विसावा’. मधे दुसरा शोध नाही. मास्तर थांबले. बरोबर—मधे तीनच आठवडे गेले होते. विहिरीतून काढली, मडिवाळप्पांनी पुरण्याच्या वेळचं वचन मागितलं, यांनी झटक्यात काढून दिलं. तेव्हा दोन्ही कामं वेगळी वाटली होती.

आणि आजच्या शब्दांच्या लगेच खाली, गेल्या नाताळातला, पुन्हा ‘अधीन’. तो रेश्माचा.

त्यांनी यादी मिटली. शिवराज… कुठे होतो आपण… बोटांवर. शिवराजला पुन्हा उंबऱ्यावर पाडलं, बत्ता उचलला.

“पप्पा.”

रेश्मा दारात होती. पेजेचा पेला, त्यात नळी. अर्धं तोंड सुजून निळं, ओठ हलत नव्हते. शब्द दातांमागून यायचे.

“माझा किती पानी झाला?”

“काय?”

“कागद. चारला यायलेत न्हाय का सगळे?”

“अजून काढला नाही बाळ.”

“मागचा दोन पानी होता.” तिने नळी तोंडाच्या बऱ्या बाजूला धरली, सोडली. “शिवराजने लॅमिनेट करून आणला. फ्रिजवर लावलाय.”

“त्याचा?”

“त्याचा कुठला? माझा. आधी मोठ्याने वाचायला लावायचा. पहिलं पान झालं की बेल्ट काढायचा. चुकले की परत पहिल्यापासून.” ती पेल्यात बघत राहिली. “परवा मी दुसरं पान वाचलंच न्हाय. म्हटलं, पप्पांनी काढलंय, पप्पांनाच वाचायला बोलवा की.”

मास्तर उठले होते. कधी उठले कळलं नाही. खुर्ची मागे पडली होती आणि त्यांचा उजवा हात वर होता, उघडा, खांद्याच्या उंचीला—चौथीच्या वर्गात असायचा तसा, फळ्यापाशी—आणि समोर शिवराज नव्हता. समोर सुजलेला गाल होता. गप्प बस. एवढंच त्यांना हवं होतं, त्या एका क्षणाला, जिवाच्या आकांताने हवं होतं, की हे तोंड गप्प बसावं.

रेश्मा मागे सरली नाही. तिने फक्त मान किंचित उजवीकडे वळवली, डोळे मिटले, जबडा सैल सोडला. सवयीने. मार कमी लागावा अशी.

हात खाली आणायला फार वेळ लागला. तो आपला वाटत नव्हता, आणि आपलाच होता. मास्तरांनी खुर्ची उचलली, बसले, हात मांडीखाली दाबून धरला.

“पेज घे,” ते म्हणाले. आवाज कुठून आला कोण जाणे.

“पप्पा, ते आले की काय सांगणार?”

पावणेचार झाले होते. बाहेर मोटारसायकल थांबली, दुसरी थांबली. मडिवाळप्पांचा खोकला, आणि कुणीतरी अदबीने चपला काढतोय. शिवराजला पहिला घाव कुठे घालायचा ते सकाळपासून पाठ होतं. आता आठवून पाहिलं तर जागा सापडेना. भीती मात्र होती, दाट, तोंडात रक्ताची चव आल्यासारखी—दाराबाहेरच्या माणसाची नव्हे, दाराच्या आत, या खुर्चीवर, हात दाबून बसलेल्या म्हाताऱ्याची. याला एकट्याला पोरीसोबत या खोलीत ठेवायला नको, असं त्यांना अगदी स्वच्छ वाटलं.

“पप्पा?”

“दार तू उघडू नकोस,” मास्तर म्हणाले, आणि दाबलेला हात सुटेल या भीतीने त्यांना स्वतःला उठता येईना.