पाच वाटे

मुलांनो, असं समजा की तुम्ही एका उंच गाडीच्या मागच्या सीटवर बसला आहात. काचेवर वाळू तडतड आदळते आहे आणि गाडी इतकी उडते आहे की दोन्ही हातांनी पुढची सीट धरून ठेवावी लागते. समोर, धुळीच्या पलीकडे, एक लहानसं हरीण पळतं आहे. आता सीट आणखी घट्ट धरा, कारण दहा वर्षांच्या झारानेही तशीच धरली होती.

"डावीकडे घे, डावीकडे! मुरली, ते वळतंय!" तिचे अब्बा पुढच्या सीटवरून ओरडले.

"दिसतंय रे. मला गाडी चालवायला शिकवू नकोस," अब्बांचे गावाकडचे मित्र मुरलीधरकाका म्हणाले आणि त्यांनी स्टिअरिंग फिरवलं.

झाराच्या शेजारी तिचा मामा, शाहबाज, खिडकीबाहेर अर्धा वाकून मोबाइलवर चित्रण करत होता. अब्बांनी मागे वळून त्याच्या हातावर फटका मारला.

"ठेव तो फोन. इथे शिकारीला बंदी आहे. व्हिडिओ सापडला तर आधी जेल, मग परतीचं विमान. माहिताय ना?"

"फक्त माझ्यासाठी होता, भावजी."

"जेलरपण तेच म्हणेल, फक्त माझ्यासाठी."

मुरलीधरकाका मोठ्याने हसले. हरीण मात्र पळतच होतं. रुवैस या आखातातल्या तेलनगरीच्या चिमण्या मागे केव्हाच दिसेनाशा झाल्या होत्या. चहूकडे सपाट, पांढुरकी जमीन होती आणि लपायला एक झुडूपही नव्हतं. सुरुवातीला हरीण उड्या मारत होतं, मग नुसतं धावत होतं. आता त्याची मान खाली आली होती आणि तोंड उघडं पडलं होतं. गाडीला दमायचं कारण नव्हतं.

सकाळी निघताना झाराला हे सगळं वेगळं वाटलं होतं. आज तिच्या आजोबांची बरसी होती. रात्री घरी त्यांच्या नावाची प्रार्थना, फातिहा होती आणि कॉलनीतली बारा माणसं जेवायला यायची होती. आजोबा संगमेश्वराकडचे नावाजलेले शिकारी होते. त्यांच्या नावाने विकतचं मटण नाही वाढायचं, रानातलंच वाढायचं, असं अब्बांनी महिनाभर आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. अम्मीने मसाला वाटून ठेवला होता आणि मटणासाठी झाकणाचा मोठा स्टीलचा डबा झाराच्या मांडीवर दिला होता.

वाटेत अब्बांनी आजोबांची गोष्ट सांगितली. झाराने ती अनेकदा ऐकली होती, तरी दर वेळी तिला ती आवडायची.

"एकदा संध्याकाळी बाने भेकर पाडलं," अब्बा म्हणाले. "सुरी काढून धावत गेला. पण करवंदीची जाळी मध्ये आली. पोचेपर्यंत भेकर खलास. बाने सुरी परत म्यानात घातली. एवढी मेहनत, चार तास जनावर उठवायला हाका झालेला. पण जीव असताना हलाल झालं नाही, तर आपल्याला ते मुरदार, खायला हराम. हातसुद्धा लावला नाही त्याने."

"अख्खं भेकर आमच्या वाडीत आलं," मुरलीधरकाकांनी पुढची गोष्ट उचलली. त्यांचे वडील आजोबांच्या हाक्यात असायचे. "माझा बाप सांगायचा, तीन दिवस वाडी जेवली."

"अँड दादा? व्हॉट डिड ही ईट?" झारा आजोबांना दादा म्हणायची. तिला उत्तर माहीत होतं, तरी तिने विचारलं.

"घरी येऊन बसला आणि म्हणाला, डाळ टाका," अब्बा म्हणाले. ते सांगताना त्यांची मान ताठ झाली होती.

आणि आता हरणाचे पुढचे पाय दुमडले. ते वाळूत तोंडावर पडलं, एकदा उठलं, पुन्हा पडलं. मुरलीधरकाकांनी ब्रेक दाबला.

अब्बा गाडी थांबायच्या आतच उतरले होते. सुरी दरवाजाच्या कप्प्यात होती, ती त्यांनी घेतली, पण तिच्यावर अम्मीने गुंडाळलेलं फडकं सुटेना. गाठ घट्ट होती. ते दातांनी ती ओढायला लागले.

"झारा! पळ, त्याला धर! पोटावर हात ठेव, उठू देऊ नकोस!"

झारा धावली. हरीण तिच्या शाळेच्या दप्तरापेक्षा फार मोठं नव्हतं. तिने गुडघे टेकले आणि दोन्ही हात त्याच्या पोटावर ठेवले. पोट गरम होतं आणि भराभर वरखाली होत होतं. हरणाचे डोळे उघडे होते. पापण्यांवर वाळू होती.

मग पोट एकदा खूप मोठं झालं, खाली आलं आणि पुन्हा वर आलं नाही.

झाराने हात तसेच ठेवले. ती वाट पाहत राहिली. मागून अब्बांचे धावते बूट ऐकू आले, मग त्यांचा धापा टाकणारा आवाज. त्यांनी हरणाची मान किब्ल्याकडे, मक्केच्या दिशेला वळवली, बिस्मिल्ला अल्लाहु अकबर म्हटलं आणि सुरी फिरवली.

रक्त उडालं नाही. ते सावकाश, काळसर, वाळूत उतरत गेलं.

अब्बा बराच वेळ त्या रक्ताकडे पाहत राहिले. शाहबाज मागून आला आणि तोही पाहायला लागला. लहानपणापासून बकरी ईदला त्याने बोकड धरलेले होते.

"भावजी, जीव होता ना?"

"होता. का नसेल?"

"नाही, रक्त असं..."

"पळून पळून आटलं असेल. झाराने धरलं होतं, विचार तिला."

मामाने झाराकडे पाहिलं. झाराने अब्बांकडे पाहिलं. अब्बा सुरी वाळूत खुपसून पुसत होते. एकदा पुसून झाली, तरी पुन्हा पुसत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

झाराने हात उचलले आणि फ्रॉकला पुसले.

"यल्ला, चला, ऊन उतरतंय," अब्बा म्हणाले. "मगरिबच्या नमाजाआधी घर गाठायचंय."

गाडीच्या आडोशाला तिघांनी ताडपत्री अंथरली. कातडं सोलताना सहसा अब्बा खूप बोलायचे, सांधा कुठे असतो, पाती कशी धरायची ते झाराला दाखवायचे. आज ते नुसती सुरी चालवत होते. मामा खाली मान घालून हाडं वेगळी करत होता. एकटे मुरलीधरकाका बडबडत होते.

"दुकानात काय मटण मिळतं रे, किलोला साठ दिऱ्हम, म्हणजे दीड हजारच्या आसपास झाले, आणि चव बर्फाची. हे बघ, चरबीचा ठिपका नाही. वहिनीच्या हातचं होणार म्हणजे..."

अब्बांच्या खिशातला फोन वाजला. त्यांनी रक्ताळलेल्या बोटांनी तो काढला, स्पीकर लावून ताडपत्रीच्या कडेला ठेवला.

"अहो, मिळालं का?" अम्मी विचारत होती. "इमामसाहेबसुद्धा येतायत म्हणे. कांदा परतायला घेऊ?"

अब्बांचा हात थांबला.

"थांब जरा," ते म्हणाले. "वाटे करतोय. नंतर करतो फोन."

मांसाचे पाच ढीग झाले. गावाकडे असेच वाटे व्हायचे. हाक्यातल्या प्रत्येकाला एक आणि बंदुकीचा एक. इथे बंदूक नव्हती, म्हणून पाचवा वाटा गाडीचा. झाराचाही आज पहिल्यांदाच एक वाटा होता, आणि तो फातिहाच्या पातेल्यात जायचा होता. कुणाला चांगला तुकडा गेला, कुणाला हाडं गेली, अशी कुरबुर होऊ नये म्हणून गावात एक पद्धत होती. सगळ्यांत लहान माणसाने वाट्यांकडे पाठ करून उभं राहायचं. एकाने एकेका ढिगावर बोट ठेवून विचारायचं आणि लहानाने न बघता नाव सांगायचं. ते नाव पडलं की कुणी वाद घालायचा नाही.

"चल झारा," मुरलीधरकाका म्हणाले. "कर पाठ. तुझा बाप लहान असताना हेच करायचा. स्वतःचं नाव कायम कलेजीवर."

झारा पाठ करून उभी राहिली. समोर कुठेही काही नव्हतं. फक्त गाडीच्या चाकांच्या दोन रेषा होत्या आणि त्यांच्यामध्ये लहान खुरांचे ठसे, दूरपर्यंत.

अब्बांनी पहिल्या ढिगावर बोट ठेवलं.

"हा कोणाचा?"

"मुरलीकाकांचा."

"शाब्बास पोरी!" मुरलीधरकाका म्हणाले.

"हा कोणाचा?"

"मुरलीकाकांचा."

"अगं, लॉटरी लागली मला!" काका हसले. "मामाला काय फक्त शिंगं देणार का?"

"झारा, नीट खेळ," शाहबाज म्हणाला. "एकाचं नाव एकदाच."

झाराने मान वळवली नाही. तिने दोन्ही हात समोर एकमेकांत गुंतवले होते.

"हा?" अब्बांनी विचारलं. आता त्यांचा आवाज खाली आला होता.

"मुरलीकाकांचा."

या वेळी मुरलीधरकाका हसले नाहीत. त्यांनी ढिगांकडे पाहिलं, मग वाळूत वाळत चाललेल्या काळ्या डागाकडे, मग आपल्या मित्राकडे. शाहबाज हातातलं हाड ठेवून उठला आणि गाडीमागे पाण्याचा कॅन शोधायला गेला. बराच वेळ त्याचे हात धुण्याचा आवाज येत राहिला.

अब्बा चौथ्या ढिगावर बोट ठेवून तसेच बसले होते. त्यांनी विचारलंच नाही.

"अब्बा," मागे न वळता झारा म्हणाली, "आस्क मी."

वारा ताडपत्रीचं एक टोक उचलून परत टाकत होता.

"हा कोणाचा?"

"मुरलीकाकांचा."

"आणि हा?"

"मुरलीकाकांचा."

"मुश्ताक," काका अब्बांना हळूच म्हणाले, "अरे, मी एकटा एवढ्याचं..." आणि मध्येच थांबले.

अब्बांनी सुरी उचलली. तिला फडकं गुंडाळलं आणि गाठ मारली. मग ती गाठ सोडून पुन्हा मारली, सैल.

फोन परत वाजायला लागला. ताडपत्रीवर तो थरथरत गोल फिरत होता आणि पडद्यावर अम्मीचं नाव होतं. अब्बा त्याच्याकडे बघत राहिले. त्यांनी हात पुढे केला, मग मांडीवर ठेवला.

तेव्हा झारा वळली. तिने रिकामा डबा उचलला, त्यावरची वाळू फुंकली आणि झाकण लावून काखेत धरला. मग ती खाली वाकली आणि तिने फोन घेतला. अम्मीशी ती नेहमी इंग्रजीत बोलायची. आज बोलली नाही.

"अम्मी," ती म्हणाली, "डाळ टाक."