लोमॅक्स पाच मारेल

त्या आठवड्यात मिनारू गावात कामात कुणाचंच लक्ष नव्हतं. लागणार तरी कसं? गावाचा फुटबॉल संघ तब्बल सत्तावीस वर्षांनी अंतिम सामन्यात पोचला होता. फुटबॉल म्हणजे इथला, लांबट चेंडू हाताने झेलून लाथेने मारायचा. वेशीवर गवताचे मोठाले गठ्ठे निळ्या-पिवळ्या रंगात रंगवून उभे केले होते. बेकरीवाल्याने हौसेने निळा पाव काढला. तो कुणी विकत घेतला नाही, पण काढला खरा. चर्चच्या पाळकबाईंनी शनिवारी ठरलेलं एक लग्न रविवारवर ढकललं आणि नवरा-नवरी दोघांनीही त्यांचे आभार मानले.

आणि पोस्टाच्या खिडकीपाशी येणारा प्रत्येक जण तिकीट बाजूला ठेवून एकच विचारत होता, "व्हॅल, काय लिहितेयस?"

व्हॅल पेंगिली पोस्टात बसायची ती पोटासाठी. जीव अडकला होता तो साप्ताहिकातल्या तिच्या लेखात. बावीस वर्षं दर गुरुवारी, शनिवारच्या सामन्याआधी, ती दोन्ही संघांची कुंडली मांडायची. समोरचे कोण, त्यांची ताकद कुठे, खोट कुठे, आणि शेवटच्या ओळीत कोण जिंकणार. आसपासच्या आठही गावांत तिचा लेख वाचला जायचा आणि आठही गावं तिच्यावर सारखीच चिडायची. बाई कुणाचं मीठ खात नाही, असं लोक म्हणायचे, आणि ते शंभर टक्के खरं होतं.

पण या सरळपणाचा एक बळी होता. तिचा मुलगा, कॅम.

कॅम छत्तीस वर्षांचा. फुल-बॅक, म्हणजे आपल्या गोलखांबांपुढे उभा राहून समोरच्यांच्या सगळ्यात खतरनाक गड्याला अडवणारा. ज्याच्या डोक्यावरून गोल होतात आणि ज्याचं नाव फक्त चूक झाल्यावर घेतलं जातं, असा माणूस. एकोणीस वर्षं तो मिनारूसाठी तिथे उभा होता. शनिवारचा सामना त्याचा तीनशेवा, आणि शेवटचा. आणि या एकोणीस वर्षांत आईच्या लेखात त्याच्यावर एक ओळ आली नव्हती. आईने मुलाचं कौतुक केलं असं कुणी म्हणू नये, एवढ्यासाठी.

सोमवारी तो नेहमीप्रमाणे तिच्याकडे जेवायला आला. रविवारचं उरलेलं मेंढीचं मटण, बटाटे आणि पुदिन्याची चटणी.

"आई, या वेळी तरी?" तो म्हणाला.

"या वेळी काय?"

"उगाच वेड पांघरू नकोस. दोन हजार नऊ साली मैदानात कुत्रं घुसलं होतं, आठवतंय? त्याच्यावर तू चार ओळी लिहिल्यास. कुत्र्यावर! नावासकट! मालकाचं नाव वेगळं!"

"कुत्र्याने चेंडू पळवला होता रे. दहा मिनिटं खेळ बंद होता."

"मग शनिवारी मीही घेऊन पळतो चेंडू. थेट तुझ्या गाडीपर्यंत आणून देतो. मग तरी लिहिशील?"

व्हॅलला हसू आलं. तोही हसला. पण मग ताटली पुसत मोरीपाशी उभा राहिला तो उभाच राहिला. ताटली केव्हाच कोरडी झाली होती.

"कौतुक नकोय गं मला," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "तू खरं लिहितेस हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणूनच. तुला मी कसा दिसतो तिथे, ते मला एकदा वाचायचंय. शनिवारनंतर तू लिहिणार तरी कुणावर?"

तो गेला आणि व्हॅलला रात्रभर झोप लागेना. तीनशे सामने! एकही तिने चुकवला नव्हता, आणि पोराला वाटत होतं आईला तो दिसतच नाही.

मंगळवारी संध्याकाळी पोस्ट बंद करून ती चाळीस किलोमीटर गाडी हाणत गॅलब्रेथला गेली. शनिवारचे प्रतिस्पर्धी ते. मैदानाच्या कठड्याला नाक लावून गाडी उभी केली, थर्मास काढला, दुर्बीण काढली. लपायचा प्रश्नच नव्हता, तिची ती जुनी पांढरी गाडी सगळे ओळखायचे. गॅलब्रेथचा प्रशिक्षक बार्नी क्रॉल शिट्टी चघळत खिडकीशी आला.

"आलीस का हेर बाई! चहा आणलायस की मिनारूचं पाणी?"

"तुझी पोरं बघायला आलेय. तुझं थोबाड सतरा वर्षं बघतेय, त्यात नवीन काही नाही."

"बघ, बघ. डोळे भरून बघ. लोमॅक्सला बघ विशेष. आणि मग तुझ्या लेकाला सांग, घरूनच शिडी घेऊन ये म्हणावं."

व्हॅलने दुर्बीण डोळ्यांना लावली.

जार्विस लोमॅक्स. तेवीस वर्षांचा, साडेसहा फूट, आणि यंदा एकशे चार गोल. मैदानाच्या मधून लांबट चेंडू उंच उडाला, आणि हा पठ्ठ्या समोरच्याच्या खांद्यावर गुडघा टेकवून असा काही वर गेला की व्हॅलच्या हातातला कप तिरका झाला आणि चहा मांडीवर सांडला. पोळलं, पण तिने दुर्बीण काही खाली केली नाही. दहा चेंडू आले, नऊ त्याने हवेतच झेलले. झेलला की मोकळी लाथ मिळते; थांबायचं, चार पावलं मागे, आणि दोन उंच खांबांच्या मधोमध बरोबर लाथ. जरा बाजूने गेला तर एकच गुण, पण याचा प्रत्येक मधोमधच. सहा गुण. परत. सहा गुण. परत!

"अरे देवा, काय पोरगा आहे!" ती एकटीच गाडीत मोठ्याने म्हणाली. अंगावर काटा आला होता. खेळ चांगला असला की तिला कुणाचा आहे याचं भानच राहायचं नाही, हा तिचा जन्माचा रोग होता.

पण घरी येताना, दोन्ही बाजूंना हिरवा गहू आणि मध्ये सरळसोट रस्ता, तिला दुसरं काही दिसेना. लोमॅक्सच्या समोर शनिवारी कॅम असणार होता. छत्तीस वर्षांचा, दोन्ही गुडघ्यांना पट्ट्या बांधणारा कॅम. त्याच्यावर लिहायचं तर खरं लिहायला हवं. आणि खरं लिहायचं तर...

बुधवारी पहाटेच ती लिहायला बसली. गॅलब्रेथची मधली फळी तिने झरझर लिहून काढली. त्यांचे दोघे जुळे भाऊ वाऱ्यासारखे पळतात, पण पावसाळी चिखलात ढेपाळतात. त्यांचा कर्णधार डाव्या पायाने मारायचं टाळतो. मग लोमॅक्स. आणि मग तिने आयुष्यात पहिल्यांदा त्या लेखात स्वतःच्या मुलाचं नाव टाइप केलं. पाच वेळा खोडलं. सहाव्यांदा ठेवलं. दुपारी बाराच्या आत लेख पाठवला आणि मग पोस्टात तिने एका म्हाताऱ्याला दुसऱ्याचंच पार्सल दिलं.

स्वतःचा छापलेला लेख ती कधीच वाचत नसे. छातीच होत नसे तिची. त्यामुळे गुरुवारी दुपारी पेपरांचे गठ्ठे आले, लोकांनी हातोहात नेले, आणि काही जण तिच्याकडे जरा विचित्र नजरेने बघत होते, तरी तिने ते सामन्याच्या धास्तीवर घातलं.

गुरुवारी संध्याकाळी सरावानंतर क्लबच्या हॉलमध्ये सगळ्यांचं जेवण असतं. मोठाल्या पातेल्यात सूप, भाजलेले सॉसेज, आणि लांब टेबलांभोवती निम्मं गाव. जेवता जेवता व्हॅलचा लेख मोठ्याने वाचायचा, ही मिनारूची जुनी रीत. वाचणारा वाचतो आणि बाकीचे प्रत्येक ओळीवर आरडाओरडा करतात. सरावातून थेट आलेला असल्यामुळे वाचणाऱ्याने पेपर आधी बघितलेला नसतो, मजा त्यातच. त्या दिवशी वाचायचा मान अर्थात तीनशे सामनेवाल्याचा होता.

कॅम खुर्चीवर चढला. ओले केस, हातात पेपर. मागच्या टेबलावरच्या काही जणांनी माना खाली घातल्या, पण पुढचे इतक्या जोरात टेबलं बडवत होते की कुणाच्या लक्षात आलं नाही.

"शांत बसा रे रानटी लोकहो! ऐका!" आणि त्याने खड्या आवाजात सुरुवात केली. जुळ्या भावांची हॉलने हुर्यो उडवली. डावा पाय टाळणाऱ्या कर्णधारावर शिट्ट्या पडल्या. लोमॅक्सचे एकशे चार गोल आले तेव्हा कुणीतरी ओरडलं, "बुटांत स्प्रिंगा आहेत का तपासा त्याच्या!" कॅम हसत हसत पुढे सरकला. आणि मग त्याला आपलं नाव दिसलं. व्हॅलला ते इतक्या लांबूनही कळलं, कारण त्याचा आवाज एकदम लहान मुलासारखा झाला.

"'लोमॅक्ससमोर मिनारूचा कॅम पेंगिली उभा असेल. पेंगिली छत्तीस वर्षांचा आहे. तो लोमॅक्सइतका उंच नाही, आता तितका चपळही नाही. लोमॅक्स त्याच्यावर पाच गोल मारेल.'"

तो थांबला. पान उलटलं. परत सुलटं केलं.

"बस," तो म्हणाला. "एवढंच आहे. खाली ट्रॅक्टरची जाहिरात आहे."

टेबलं बडवणारे हात थांबले. कॅमने पेपराची घडी घातली. त्याने हसायचा प्रयत्न केला. "ठीक आहे की. विचारलं होतं मीच," तो म्हणाला आणि खुर्चीवरून खाली उतरला.

"एवढंच नाहीये!" व्हॅल ओरडली. "क्लाइव्ह! कुठे आहे क्लाइव्ह?"

संपादक क्लाइव्ह बॅसेट कोपऱ्यात सॉसेज तोंडात धरून बसला होता. ते त्याने घाईघाईने गिळलं.

"अगं, ऐन वेळी ट्रॅक्टरवाल्यांची जाहिरात आली... संघाला शुभेच्छांची. जागा करायला हवी होती. मी आपलं नेहमीसारखं खालून कापलं. सामन्याच्या बातमीत खाली काय असतं? मैदानाचा पत्ता आणि गाड्या लावायची सोय! घाईत कुणाचा लेख ते बघितलंसुद्धा नाही!"

"खाली माझा पोरगा होता, मेल्या!"

कुणी हसलं नाही. बावीस वर्षांत व्हॅल पेंगिली या हॉलमध्ये 'मीठ द्या' यापलीकडे बोलली नव्हती. जे सांगायचं ते लिहून सांगायची, चार माणसांसमोर तोंड उघडायचं म्हणजे तिला घाम फुटायचा. आताही फुटला. पण कॅम दाराकडे निघाला होता, आणि तो त्या दारातून तसाच बाहेर गेला असता तर शनिवारी तो काय खेळणार होता, आणि त्यानंतर जन्मभर सोमवारी तिच्या टेबलावर काय जेवणार होता? ती उठून उभी राहिली. टेबलाची कड तिने दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"कॅम. थांब. पुढचं ऐक."

तो थांबला. वळला नाही.

तिला सगळं पाठ होतं. सहा वेळा टाइप केलं होतं, पाठ होणार नाही तर काय!

"'लोमॅक्स त्याच्यावर पाच गोल मारेल,'" ती म्हणाली. "'दुसऱ्या कुणावर त्याने नऊ मारले असते. ते चार गोल धावफलकावर दिसत नाहीत. फुल-बॅकचं काम कधीच दिसत नाही. मी एकोणीस वर्षं कॅम पेंगिलीचे न झालेले गोल मोजत आले आहे आणि माझ्या वहीत ते सातशेच्या वर गेले आहेत. चेंडू दुसऱ्या टोकाला असतो आणि सगळे तिकडे बघत असतात, तेव्हा मी त्याच्याकडे बघत असते. आठ गावांत याच्याहून चांगला फुल-बॅक मी पाहिलेला नाही. हे मी आई आहे म्हणून लिहीत नाही. आई आहे म्हणून एवढी वर्षं लिहिलं नाही, आणि ते चुकलं.'"

कॅम वळला होता. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायचंही त्याला सुचत नव्हतं.

"आणि निकाल?" मागून मिनारूचा कर्णधार घोगऱ्या आवाजात ओरडला. "निकालही कापलाय या कसायाने! व्हॅल, कोण जिंकणार?"

बावीस वर्षांत तिने मिनारूला झुकतं माप दिलं नव्हतं, हे प्रत्येकाला माहीत होतं.

"मिनारू," व्हॅल म्हणाली. "तीन गुणांनी."

मग जो काही कल्ला झाला! टेबलं बडवली गेली, टोप्या छतापर्यंत उडाल्या, कुणीतरी क्लाइव्हच्या डोक्यावर निळा पाव कुस्करला, पातेलं लवंडता लवंडता वाचलं. पोरं कॅमला खांद्यावर घ्यायला धावली. तो त्यांच्यातून अंग सोडवत, टेबलांच्या मधून वाट काढत आईपर्यंत आला. एवढा धिप्पाड गडी, तिच्यापुढे वाकून उभा राहिला.

"आई," तो तिच्या कानाशी म्हणाला, "गोंगाटात नीट ऐकू नाही आलं."

"काय, तीन गुणांचं?"

"ते नाही गं. त्याच्या आधीचं. परत म्हण ना."

सगळं नीट ऐकू आलं होतं त्याला, हे तिला कळत होतं. तिने त्याचे दोन्ही कान धरून डोकं जवळ ओढलं आणि पहिल्या ओळीपासून परत सुरुवात केली.