आतून लावलेलं दार

लोकांच्या घरात नाक खुपसायचा मला पगार मिळतो. आजारी, म्हाताऱ्या माणसांना घरी येऊन सांभाळणाऱ्या ज्या सेवा असतात, त्या मनापासून काम करतात की नुसत्या पाट्या टाकतात, हे मी जाऊन बघते. न सांगता जाते. सांगून गेलं की उशीचे अभ्रेसुद्धा इस्त्री केलेले सापडतात. आधी बाथरूम बघते, मग उशीचा वास घेते, आणि माणसांचं सगळ्यात शेवटी ऐकते. माणसं काय, गोडच बोलतात.

त्या घरी मात्र मला मुलानेच बोलावलं होतं. त्याच्या आईला अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. उजवी बाजू लुळी पडलेली, वाचा गेलेली. दिवसभर सेवेकडून आलेली एक ताई असायची, आणि रविवारी ताईला सुट्टी म्हणून हा मुलगा स्वतः. आता आईच्या अंगावर खरचटल्याच्या खुणा दिसायला लागल्या होत्या.

"मॅडम, ही बाई आईला पाडते, नाहीतर मारते," तो दारातच म्हणाला. "सेवा धोकादायक आहे असं तुम्ही लिहून द्या, मी आईला सरळ संस्थेत ठेवतो. जागा बघून ठेवलीय. तिथे पलंगाला कठडे आहेत, चोवीस तास माणूस आहे."

"अहो, मला आधी बघू तरी द्या!" माझं डोकं तसं लवकर तापतं, आणि चार जिने चढून आल्यावर तर विचारूच नका.

आजी पलंगावर होत्या. लहानखुऱ्या, पांढरे केस मागे घट्ट बांधलेले. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला वाटलं आपल्याच चपला बाहेर काढायच्या राहिल्या. अंथरूण कोरडं, उशी स्वच्छ, नखं कापलेली. पाठ बघितली तर एकही जखम नाही. पडून असलेल्या माणसाची अशी पाठ ठेवायला कष्ट लागतात, ते मी जाणते. खुणा होत्या त्या डाव्या कोपराला आणि डाव्या गुडघ्याला. मी चष्मा पुसून परत पाहिल्या. पडणारं माणूस बहुतेक लुळ्या अंगावर पडतं, आणि इथे तर धडधाकट बाजू सोलवटलेली. शिवाय पलंगाखाली एक पातळ गादी सरकवून ठेवली होती.

मी ताईला बाहेरच्या खोलीत घेतलं. मुलगाही मागोमाग आला. चाळिशीची बाई, अंगाने दणकट, आणि तोंडाला कुलूप.

"पलंगाखाली गादी कशाला गं?"

"असंच, मॅडम."

"ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. आजी स्वतःच खाली उतरतात, हो की नाही?"

तिच्या तोंडचं पाणी पळालं. मग मात्र घडाघडा बोलली. "एकदा मी स्वयंपाकघरात होते. येऊन बघते तर आजी जमिनीवर! मला वाटलं पडल्या. उचलायला गेले तर माझा हात झटकला, आणि निघाल्या की हो सरपटत. नोकरी जाईल म्हणून मी कुणाला बोलले नाही. दुसऱ्या दिवशी परत तेच. अडवलं, तर जेवल्याच नाहीत. शेवटी मी खाली गादी घालायला लागले."

"मग मला का नाही सांगितलं?" मुलगा ओरडला.

"तुम्ही कठडे लावले असते."

"लावले असतेच!"

मी तिला चांगलं फैलावर घेतलं. डोकं आपटलं असतं म्हणजे? खुब्याचं हाड मोडलं असतं म्हणजे? आजींना तर ओरडताही येत नाही. आणि वर लपवलंस! ज्याच्या आईला सांभाळतेस त्यालाच अंधारात ठेवलंस! ती मान खाली घालून ऐकत होती आणि डोळे पुसत होती. मला काही दया आली नाही. माझा शेरा मनात लिहून झाला होता. सेवा बंद.

तेवढ्यात आतून धप्प असा आवाज आला.

आम्ही तिघं धावलो. आजी जमिनीवर होत्या. चादर धरून घसरत उतरल्या होत्या, पलंग बुटका म्हणून निभावलं. मुलगा "आई गं!" करत खाली वाकला, काखेत हात घालायला गेला, आणि आजींनी डाव्या हाताने त्याच्या मनगटावर सणसणीत चापट मारली. चांगला पन्नाशीचा बाप्या तो, शाळेतल्या पोरासारखा हात चोळत मागे सरला.

"थांबा," मी म्हणाले. का म्हणाले ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

पलंगापासून बाथरूमपर्यंत तुम्ही-आम्ही चार ढांगांत जाऊ. आजी निघाल्या. डावं कोपर पुढे टेकवायचं, डाव्या गुडघ्याने रेटायचं, आणि मेलं ते अर्धं अंग मागून ओढत आणायचं. थांबायचं. श्वास घ्यायचा. परत कोपर. कपाळावर घाम, ओठ घट्ट मिटलेले. माझे हात आपोआप पुढे जात होते आणि मी ते मागे घेत होते. मदत न करता नुसतं उभं राहणं इतकं जड असतं हे मला ठाऊक नव्हतं. एकदा त्यांचं डोकं खाली जमिनीला टेकलं आणि तसंच राहिलं. मला वाटलं, संपलं. पण कोपर परत पुढे आलं.

बाथरूमच्या उंबऱ्याशी त्या वळून बसल्या. आधी स्वतः आत सरकल्या, मग लुळा पाय हाताने उचलून, दुसऱ्याचं सामान ठेवावं तसा, आत घेतला. बादली ताईने सकाळीच भरून ठेवलेली असते, जमीन कोरडी. आजींनी आमच्याकडे एकदा पाहिलं. आणि दार लोटलं. खालची कडी लागल्याचा आवाज आला.

"कडी लावली! आई, कडी नको लावूस!" मुलगा दाराकडे झेपावला. मी त्याचा दंड धरला.

अशा माणसाला बंद दारामागे एकटं सोडायचं नाही, हा आमचा पहिला नियम. मीच तो कितीतरी जणांना शिकवलाय, दम देऊन शिकवलाय. आणि आता मीच कान दाराला लावून उभी होते. आतून तांब्या बादलीत बुडाल्याचा आवाज आला. मग अंगावर पाणी ओतल्याचा. मग परत तांब्या.

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. उचलायची यंत्रं पाहिलीत मी, बटणावर वरखाली होणारे पलंग पाहिलेत, वाहवा केलीय. पण असं काही पाहिलं नव्हतं. एवढा सगळा जिवाचा आटापिटा या बाईने कशासाठी केला? पळून जायला नाही, खिडकीतून बघायला नाही. आपली आंघोळ आपण करावी, आणि तेव्हा कुणी बघू नये, एवढ्यासाठी. त्या दारासमोर मला एकदम लहान झाल्यासारखं वाटलं. वाकून नमस्कार करावासा वाटला, खरंच सांगते.

"सेवा चालू राहील," मी दबक्या आवाजात म्हणाले. "पण अशी नाही. ही कडी काढा, बाहेरून उघडता येईल अशी लावा. आत रबराची चटई, भिंतीला धरायला दांडा, आणि हाताशी घंटा. आणि तू, ताई, रोज काय झालं ते यांना सांगायचं. पुन्हा लपवाछपवी दिसली तर मीच तुला घरी पाठवीन."

तिने मान हलवली. मुलाने विचारलं, "आणि पडली तर?"

"पडतील कदाचित. पडणारच नाहीत असं मी लिहून देऊ शकत नाही."

"संस्थेत नाही ना पडणार."

"नाही. तिथे नाही पडणार."

तो दाराकडे वळला. आत तांब्या ठेवल्याचा आवाज झाला. मग तो बोलला, ते आमच्याशी की स्वतःशी, कोण जाणे.

"रविवारी मीच तिचं अंग पुसतो. तेव्हा ती डोळे मिटून घेते. मला वाटायचं, तिला झोप येते."

ताईने पदर तोंडाला लावला.

"मग आता रविवारी मी काय करायचं?" त्याने विचारलं.

"बादली भरून ठेवा," ताई म्हणाली. "आणि बाहेर बसा."

तो तिथेच, भिंतीला पाठ लावून, जमिनीवर बसला. रविवार नव्हता, तरी आई बाहेर येईपर्यंत उठला नाही.