बाई बोलते ना?

तीन आठवडे ती जुन्या प्रोग्रामांची नाडी बघत होती. काम काय, तर हॉस्पिटलातला एकेक जुना प्रोग्राम नव्या कॉम्प्युटरवर चढवायचा, चार बटणं दाबायची आणि यादीत 'चालतो' किंवा 'चालत नाही' असं लिहायचं. चालत नसला की तो लिहिणाऱ्याला शोधायचं. लिहिणारा एक तर नोकरी सोडून गेलेला, नाहीतर जग सोडून. डोळ्यांचा नुसता भुगा झाला होता. घरी नवरा विचारायचा, "आज काय केलंस?" तर तिला धड आठवायचंही नाही.

ऑफिसात तिला सगळे 'चाळणी' म्हणत, कारण तिच्या हातून खडा म्हणून सुटत नसे. पण चाळणीसुद्धा वापरून झिजते, हे कोणाच्या डोक्यात येतंय!

उद्या जुनी मशीनं भंगारात न्यायला टेम्पो येणार होता. साहेब सकाळपासून चार वेळा डोकावून गेले होते. "संध्याकाळी तुमची सही पाहिजे हं. माझ्यासाठी खोळंबून राहायला टेम्पोवाला काही माझा जावई नाही."

दुपारी ती कँटीनमध्ये चहा घेत बसली होती, तेवढ्यात शेजारची खुर्ची चाचपत काका येऊन बसले. काका हॉस्पिटलचे टेलिफोन ऑपरेटर. जन्मापासून डोळे नाहीत. फोन कुठल्या वॉर्डातून आलाय ते स्क्रीनवर दिसतं, आणि एक जुना प्रोग्राम ते त्यांना मोठ्यानं वाचून दाखवतो. त्या आवाजाला काका 'आमची बाई' म्हणत.

"काय गं पोरी, नव्या मशीनवर आमची बाई बोलते ना?"

"बोलते की! तुम्ही अगदी बिनघोर राहा, काका."

काकांनी हुश्श केलं. "बरं झालं गं. मागच्या नोकरीत मशीनं बदलली, तेव्हा मला दारापाशी एक खुर्ची दिली. म्हणाले, काका, बसा, आराम करा, पगार चालू आहे. वर्षभर बसलो. लोक मला वळसा घालून जायचे. बसून बसून माणूस मरतो गं."

जिना चढताना मध्येच तिचे पाय थबकले. बाई बोलली कधी? आपण कधी ऐकली? तपासणीच्या खोलीत सगळ्या मशीनांचा आवाज बंदच ठेवलेला असे, नाहीतर त्यांच्या पीं-पींनी डोकं फिरलं असतं. काकांचा प्रोग्राम उघडला, आकडे दिसले, बटणं चालली, आणि तिनं लिहून टाकलं, 'चालतो'. बोलणारा प्रोग्राम डोळ्यांनी तपासला! आता काय म्हणावं या कर्माला!

तिनं धावत जाऊन आवाज चालू केला आणि शेजारच्या फोनवरून नंबर लावला. स्क्रीनवर वॉर्डाचं नाव झळकलं. बाई गप्प. पुन्हा लावला. गप्प. उलटसुलट सगळं करून पाहिलं, पण बाईनं तोंड म्हणून उघडलं नाही. बनवणारी कंपनी कधीच बुडाली होती.

यादीत 'चालतो' लिहिलेलंच होतं. नुसती सही ठोकली असती, तर उद्या सगळ्यांनी नव्या मशीनवर खापर फोडलं असतं, आणि ती घरी जाऊन आडवी झाली असती. खोटं कशाला सांगा, हे तिच्या मनात आलं, आणि चांगलं घटकाभर रेंगाळलंही. मग तिला ती दारापाशची खुर्ची दिसायला लागली. तिनं 'चालतो' खोडलं.

साहेबांनी कपाळाला हात लावला. "अहो, एका माणसासाठी अख्खं हॉस्पिटल थांबवू?"

"दुसरा बोलणारा प्रोग्राम घ्या."

"या टेलिफोनशी जुळणारा दुसरा नाही. ती कंपनी बुडाली तेव्हाच विचारून झालंय माझं. बसवू त्यांना कुठेतरी. पगार चालू राहील, आराम करतील बिचारे."

"आराम नकोय त्यांना!" तिचा आवाज एवढा चढला, की ती स्वतःच दचकली. "त्यांचं जुनं मशीन राहू द्या. एवढं एक टेम्पोत घालू नका."

"आणि नवे नंबर? वॉर्ड रोज इकडचे तिकडे होतात. जुन्या मशीनवर ते आपोआप येणार नाहीत. रोज सकाळी हातानं कोण भरणार?"

खोलीत सगळे आपापल्या स्क्रीनमध्ये तोंड घालून बसले.

"मी भरीन," ती म्हणाली. साहेबांनी मान डोलावली, आणि तिनं सही केली.

ती खाली गेली, तेव्हा काका फोनवर बायकोशी बोलत होते. "हो गं, तपासलंय तिनं. आता तरी काळजी सोड." त्यांनी फोन ठेवला. तिला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं.

"काका, मघाशी मी खोटं बोलले. मी ऐकलंच नव्हतं. बाई नव्या मशीनवर बोलत नाही." आणि मग एका दमात तिनं सगळं सांगितलं. जुनं मशीन राहणार, रोज सकाळी ती स्वतः येऊन नंबर भरणार, सगळं.

तेवढ्यात एक फोन आला, तो काकांनी शांतपणे जोडून दिला.

"रोज येणार तू?"

"रोज."

"आणि रजेवर गेलीस की? उद्या ही नोकरी सोडलीस की?"

"ते मला ठाऊक नाही, काका."

"तुझा आवाज बघ कसा झालाय. दमलीस पार." काकांनी हात पुढे करून तिचा खांदा शोधला. "घरी जा, पोरी. झोप काढ. तुला आजारी पडून आता चालायचं नाही."