लढाईतल्या निळ्या पाकळ्या

"सर, लढाई चालू असताना सैनिक संडासला कुठे जायचे?"

हा प्रश्न मी, यशोधरा, नववी ब, भर वर्गात उभी राहून विचारला. पैज लागली होती. उमा म्हणाली होती, "विचारून दाखव, दाबेली माझ्याकडून." आणि रविना म्हणाली होती, "ही काय विचारतेय! हिला हजेरी द्यायला आवाज फुटत नाही." मागच्या वर्षापर्यंत ते खरंही होतं. यंदा काय झालंय कोण जाणे, तोंड एकदा उघडलं की बंदच होत नाही.

वर्गात नुसता दंगा. मुलं बाकं बडवायला लागली. आमचे हिंदुराव सर ऑफ तासाला पुस्तकात नसलेला जगाचा इतिहास सांगतात. त्या दिवशी नेपोलियन रशियावर चालून निघाला होता, आणि मी त्याची लाखोंची फौज मधेच थांबवून संडासला बसवली होती. सरांनी खडू खाली ठेवला. मला वाटलं, गेले मी, आता वर्गाबाहेर.

"बसू नकोस, उभीच राहा," सर म्हणाले. "इतकी वर्षं शिकवतोय, कोण जिंकलं आणि कोण हरलं एवढंच पोरं विचारतात. हा प्रश्न नेपोलियनने नीट विचारला असता ना, तर त्याची निम्मी माणसं वाचली असती."

मग सरांनी सांगितलं. रशियाच्या थंडीने नेपोलियनला मारलं असं सगळे म्हणतात, पण थंडी पडायच्या आधीच, भर उन्हाळ्यात, हगवणीने आणि टायफस नावाच्या, उवांमुळे पसरणाऱ्या तापाने त्याच्या सैनिकांचे ढीग पडत होते. तलवार लांबच राहिली. तिथून सर चाळीसेक वर्षांनंतरच्या, रशियाशीच झालेल्या क्रिमियाच्या युद्धावर आले. तुर्कस्तानात स्कुटारी नावाच्या ठिकाणी ब्रिटिशांचा मोठा लष्करी दवाखाना होता, आणि त्याच्या खाली तुंबलेली गटारं. जखमी सैनिक बरा व्हायला यायचा आणि कॉलऱ्याने, हगवणीने जायचा. तिथे फ्लोरेन्स नाइटिंगेल आली.

"ती दिवेवाली बाई!" उमा ओरडली.

"दिव्याचं सगळ्यांना माहीत," सर म्हणाले. "तिचं गणित किती पक्कं होतं ते कुणी सांगत नाही."

इंग्लंडहून आलेल्या लोकांनी ती गटारं उपसली, पाण्याच्या वाटेत पडलेला मेलेला घोडा काढला, आणि मरणारे भराभर कमी झाले. युद्ध संपल्यावर या बाईने सगळे मेलेले मोजले, कोण कशाने गेलं ते वेगळं केलं. पण नुसते आकडे कोण वाचणार? म्हणून तिने चित्र काढलं. दर महिन्याची एक पाकळी, असं गोल फूल. लाल रंग जखमांनी मेलेल्यांचा, निळा टाळता आले असते अशा रोगांचा, काळा बाकीच्यांचा. सरांनी फळ्यावर काढून दाखवलं. निळ्या पाकळ्या एवढ्या मोठ्या, की लाल शोधावा लागतो!

मी तर तिची फॅनच झाले. काय बाई आहे यार! ना तलवार, ना घोडा, ना तोफ. स्केचपेन म्हणा हवं तर, तेवढ्यावर तिने अख्ख्या लष्कराला गप्प केलं. नंतर स्वतः आजारी, बराच काळ अंथरुणाला खिळलेली, तरी काम चालूच. हिंदुस्थानात कधी पाऊल ठेवलं नाही, पण इथल्या पाण्यावर आणि गटारांवर वर्षानुवर्षं लिहीत राहिली. दाबेली खाताना मी हेच बोलत होते, शेवटी उमा म्हणाली, "ए, दाबेली परत दे."

सरांनी मला शाळेच्या प्रदर्शनासाठी तेच फूल मोठ्या कागदावर काढायला सांगितलं. माझे पप्पा अंबरनाथच्या एमआयडीसीत लेथवर काम करतात. त्यांनी कंपनीतून एका दिवसापुरता वर्तुळ काढायचा मोठा कंपास मागून आणला आणि असं वर्तुळ मारून दिलं की मी बघतच राहिले. "महेंद्रच्या हातचं आहे," पप्पा स्वतःचंच नाव घेऊन कॉलर उडवत म्हणाले. रंगवायला रविना येणार होती. तिच्यासारखा सपाट रंग आमच्या वर्गात कुणाला जमत नाही.

रविना आली नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. मग मी आणि उमा रिक्षाने चामटोली गावात तिच्या घरी गेलो. ती गोधडीत मुटकुळं करून पडली होती, तापाने डोळे लाल. तिची आई सोनीमावशी पडवीत तांदूळ पाखडत होती.

"काय झालं गं?"

"लघवीला जळजळ," रविना हळूच म्हणाली. "डॉक्टर बोलले, पाणी कमी पितेस, लघवी दाबून धरतेस. म्हणून."

आम्ही तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. कारण पाणी आम्ही कोणीच पीत नाही. शाळा सकाळी सातची, सुटते साडेबाराला. मुलींच्या बाथरूमला कडी नाही, नळाला दिवाळीपासून पाणी नाही, आणि वास असा की दारातूनच परत यावं. त्यामुळे सगळ्या मुली सकाळपासून कोरड्या. हे आम्हाला इतकं सवयीचं झालंय की आम्ही त्यावर कधी बोललोसुद्धा नव्हतो! नेपोलियनच्या सैनिकांची चौकशी मात्र केली होती.

सोनीमावशीने सूप खाली ठेवलं. "डाक्टर सांगतो पानी पी. पिऊन पोर शालंत जाईल कुठं? नको मना ती शाला. नववी झाली तवर बस झालं. घरी राहील, बरी तरी राहील."

"आई, असं नको ना," रविना म्हणाली आणि तोंड भिंतीकडे केलं.

घरी आल्यावर मी दुसरा कागद काढला.

पुढचे चार दिवस मी मधल्या सुट्टीत पाचवीपासून दहावीपर्यंतच्या मुलींना एकच प्रश्न विचारत फिरले: शाळेत पाणी पितेस का? पाचवीतल्या पोरी लाजल्या, दहावीतल्या ताया म्हणाल्या, "तुला काय करायचंय?" आणि मग हळूच सांगितलं. प्रत्येक इयत्तेची एक पाकळी. पिणाऱ्या लाल, न पिणाऱ्या निळ्या. वरची इयत्ता, तेवढी निळी पाकळी मोठी. दहावीचा लाल शोधावा लागत होता.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी दोन्ही कागद शेजारी शेजारी लावले. प्रदर्शन सुनंदा मॅडमकडे आहे.

"वा, हा क्रिमियाचा मस्त झालाय," त्या म्हणाल्या. "आणि हा कुठला?"

"आपला, मॅडम."

मॅडमनी चष्मा वर केला, वाचलं, आणि इकडे तिकडे पाहिलं. "यशोधरा, बाहेरून पाहुणे येणारेत. असलं काही भिंतीवर लावतात का? इतिहासाचं प्रदर्शन आहे ना? हा काढ. नाहीतर दोन्ही काढावे लागतील."

हिंदुराव सर मागेच उभे होते. त्यांनी दुसऱ्या कागदावरची एकेक पाकळी जवळून वाचली. मग मला म्हणाले, "नाव तुझं आहे त्यावर, तेव्हा ठरव तू. ठेवलास तर उद्या मी शेजारी उभा असेन. मॅडमशी मी बोलतो, पण त्या ऐकतीलच असं नाही."

मॅडम वाईट नाहीत, घाबरतात. मी पण घाबरले होते, खोटं कशाला बोलू?

संध्याकाळी आई उल्हासनगरहून आली. ती तिथे कॅम्प पाच नंबरला जीन्सच्या कारखान्यात शिलाई करते. जेवताना मी दोघांना सगळं सांगितलं. आईचा घास हातातच राहिला.

"पुढच्या वर्षी दहावी आहे, यशो. तोंडी परीक्षेचे मार्क शाळेच्याच हातात. कशाला नाव खराब करून घेतेस?"

"संध्या, पोरगी खोटं तर बोलत नाही ना?" पप्पा म्हणाले.

"खरं आहे म्हणून तर भीती वाटते." आईने घास ताटात ठेवला. मग खाली बघत म्हणाली, "आमच्या कारखान्यात पण बायका पाणी पीत नाहीत. आठ वर्षं झाली मला."

पप्पांनी आईकडे पहिल्यांदाच बघत असल्यासारखं पाहिलं. उमाचा मेसेज येऊन पडला होता: रविनाची आई सोमवारी शाळा सोडल्याचा दाखला मागायला येणार.

मी ताट बाजूला केलं.

"आई, पप्पा, ऐका. उद्या दोन्ही चार्ट लागणार. एक काढायला लावला तर दोन्ही घेऊन मी गेटवर उभी राहीन आणि येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला समजावून सांगीन, निळा म्हणजे काय. सकाळी सोनीमावशीला पण घेऊन येणार आहे, दोष बाथरूमचा आहे, शिकण्याचा नाही, हे तिला दाखवायला. रविना शाळा सोडणार नाही. मी ठरवलंय."