दुसरा चालक

"ही पाण्याची टाकी," त्याने नकाशावर बोट टेकलं. "इथून पुढे चौसष्ट किलोमीटर नुसती वाळू. मग उद्यानाची चौकी."

बायको ऐकत होती. तीस वर्षं नकाशे काढण्यात घालवलेला हा गृहस्थ. दुसऱ्याच्या नकाशात खोड काढल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. वाळवंटातल्या राष्ट्रीय उद्यानाच्या या नकाशात मात्र त्याने एकही खोड काढली नव्हती. ती बाजारात गेली की भिंग घेऊन त्याने तो तीन दिवस घोकला होता. डोळ्यांच्या डॉक्टरने दिलेली वर्षभराची मुदत त्याने घरात कुणाला सांगितली नव्हती. त्याआधी एकदा ती वाळू डोळे भरून बघायची, एवढंच.

"आणि टायर पंक्चर झाला तर?"

"बदलू. त्यात काय!"

"टायर नंतर बदला. आधी नकाशा फिरवा. उलटा पसरलाय."

बोट जागच्या जागी थिजलं.

"मुद्दाम," तो म्हणाला. "परतीची वाट आधी बघतात. आमच्यात तशी पद्धत असते."

"असेल बाई." तिने परवान्याचा अर्ज पुढे ओढला. "तिथे मोबाइलला रेंज नाही, म्हणून दर गाडीत दोन चालक पाहिजेत म्हणे. एक तुम्ही. दुसरा?"

"धाकट्याला विचारू."

"भावोजींना? फाटकातून गाडी काढताना घाम फुटतो त्यांना."

"मग राहू दे सगळंच!" त्याला सहज म्हणायचं होतं, आवाज चिरका निघाला.

ती उठली. पर्समधून एक कार्ड काढून तिने त्याच्या तळहातावर ठेवलं. त्याने ते नाकाजवळ नेलं, मग ओशाळून लांब धरलं.

"लायसन्स आहे. माझं," ती म्हणाली. "आठ महिने झाले. शिवणाच्या क्लासला जाते सांगून गाडी शिकत होते मी."

आठ महिने. तेव्हा तर तो स्वतःसुद्धा डॉक्टरकडे गेला नव्हता.

बराच वेळ तो कार्डाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला.

"पहिल्या रकान्यात तुझं नाव घाल," तो अखेर म्हणाला.

"आणि दुसऱ्यात तुमचं?"

"धाकट्याचं. मी मागे बसेन."

तिने मान वर केली नाही. ती लिहू लागली. अक्षरं मात्र नेहमीपेक्षा बरीच मोठी काढत होती.