मुतालेम्वाचे बिनपगारी गडी

मी एक म्हातारा गांडूळ आहे. बुकोबा गावाजवळ, मोठ्या सरोवराच्या वरच्या अंगाला मुतालेम्वा नावाच्या शेतकऱ्याची केळीची बाग आहे. तिथं मी राहतो. राहतो कसला, उरलोय.

मित्रांनो, आमचेही दिवस होते! मुतालेम्वा माळावरचं गवत कापून आणायचा आणि केळींच्या बुडाशी जाड अंथरायचा. ते कुजायचं, आम्ही खायचो, माती भुसभुशीत व्हायची. घड एवढे जड की टेकू द्यावा लागे. "हे माझे बिनपगारी गडी," असं तो आम्हाला कौतुकानं म्हणायचा.

मग तो वारला. इथल्या रीतीप्रमाणे त्याला बागेतच पुरलं. काही दिवसांनी त्याची बायको कोकुशुबिरा थडग्यावरचं गवत सारखं करायला आली, तर खाली आम्ही वळवळत होतो. ती किंचाळलीच.

"मेल्यांनो, माझ्या माणसाला खाताय होय!"

तिची मुलगी केमिलेंबे शाळेत शिकवते. ती धावत आली. "अगं आई, ते कुजका पाला खातात. बाबांपर्यंत जातही नाहीत. अंगावरची वळी बघ ना! शास्त्रात यांना ॲनेलिडा म्हणतात. म्हणजे छोट्या अंगठ्यांचे प्राणी."

"अंगठ्या? घाला, घाला! माझ्या नवऱ्यावर ताव मारा आणि वर दागिने घालून मिरवा!"

मुलगी शाळेत गेली तशी कोकुशुबिरानं थडग्याभोवती रॉकेल ओतलं. मग सगळ्या बागेतलं गवत ओढून जाळलं आणि उघड्या मातीवरही रॉकेल शिंपडलं. माझे सगेसोयरे तडफडून मेले. मी लांब बांधाशी होतो म्हणून वाचलो. का वाचलो, असं अजून वाटतं.

दोन वर्षांत माती दगड झाली. त्या नवरा-बायकोनं लग्नाच्या वर्षी लावलेलं केळीचं बेटसुद्धा वाळलं. गेल्या महिन्यात कोकुशुबिरा तिथं केळीचा मुनवा, म्हणजे नवा कोंब, लावायला आली. खणत राहिली. कुठंच वळवळ नाही. खणत खणत बांधाशी आली तेव्हा मी सापडलो. तिनं मला तळहातावर घेतलं आणि माझ्या वळ्यांवरून हलकेच बोट फिरवलं.

"बाकीचे कुठं गेले रे?"

मला तोंड आहे, पण ते माती खाण्यापुरतं.

तिनं मला थडग्याजवळ ठेवलं, वर ओलं गवत घातलं. "जा. त्याचा गडी आहेस ना? लाग कामाला."

मित्रांनो, आम्हाला मारण्याआधी आम्ही काय खातो तेवढं तरी बघा. आमच्यातही पिल्लं व्हायला दोघं लागतात. मी रोज माती पोखरत दुसरा शोधतो. अजून कुणी भेटलेलं नाही.